शहाऐंशी रत्तल

१

दर सोमवारी सकाळी गाडीला धागे चिकटवायचे, हा माझ्या बायकोचा, एनिडचा, नियम. लाल लोकरीचे बोटभर तुकडे. एक टोक चिकटपट्टीखाली, दुसरं मोकळं. एकूण दोनशे चौदा. पांढऱ्या अंगावर ते सगळे लागले की गाडीला गोवर आल्यासारखं दिसायचं. मग हिलरी ती धावपट्टीवर पळवायची, मी शेजारून व्हॅन चालवायचो आणि बर्ट पिंचबेक व्हॅनच्या खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर लटकून फोटो काढायचा. वारा दिसत नाही, धागा दिसतो. ताशी नव्वद मैलांना कुठला धागा निवांत आडवा पडलाय, कुठला फडफडतोय, कुठला उलटा फिरलाय, हे फोटोत बघायचं आणि त्या जागेचा उतार घासून बदलायचा.

मोठ्या कारखान्यांकडे वाऱ्याचे बोगदे असतात. आमच्याकडे लोकर होती. आमचा कारखाना म्हणजे कॉल्डबीच्या बंद पडलेल्या लष्करी विमानतळावरची एक पत्र्याची शेड आणि तीन माणसं. नोव्हेंबरनंतर दोन.

गाडीचं नाव डनलिन. चिखलात चोच खुपसत पळणाऱ्या एका लहानशा पक्ष्यावरून ते ठेवलेलं. गावात मात्र तिला 'चपटा मासा' म्हणत, आणि ते जास्त बरोबर होतं. चाकं झाकलेली, शेपूट चार फूट लांब, उंची माझ्या कमरेच्याही खाली. चालवणाऱ्याने तिच्यात बसायचं नसे, निजायचं असे आणि वरून पारदर्शक झाकण लावून घ्यायचं असे. त्या सुमारास, अडुसष्ट-एकोणसत्तर साली, बाकीचे सगळे आपापल्या गाड्या जमिनीला दाबून राहाव्यात म्हणून त्यांच्यावर काठ्यांच्या आधाराने पंख उभारत होते. एनिडला त्याचं हसू यायचं. युद्धाच्या काळात ती विमानांच्या कारखान्यात, आकडेमोडीच्या खोलीत होती. "वरून कशाला दाबायचं?" ती म्हणायची. "पोटाला नीट आकार द्या, जमीनच तिला धरून ठेवील." पोटाचा तो आकार काढायला तिला सहा वर्षं लागली. गाडी रंगून उभी राहिली ती जानेवारीत. एनिडने ती पाहिली नाही. इस्टरच्या सोमवारी तिची पहिली शर्यत होती.

मार्चमधला तो सोमवार. बाहेर धुकं होतं, पान हलत नव्हतं. बर्ट रॉकेल आणायला गेला होता आणि शेडचं दार मी गारव्यामुळे लावून घेतलं होतं. डोकं टेकायच्या उशीमागे, चालकाच्या जागेच्या काठावर, एकशे ब्याऐंशीवा धागा लावून मी मागे सरकलो.

तो हलला.

हलला, थांबला, परत आला. मग पुन्हा. शेजारचे धागे मेल्यासारखे लोंबत होते.

मी शेगडी विझवली. दाराच्या फटीला हात लावून पाहिला. बर्ट आपली सिगरेट डब्याच्या झाकणावर तशीच जळती ठेवून गेला होता. ती उचलून धाग्याजवळ धरली. धूर सरळ वर गेला, ओळंब्यासारखा. मी माझा श्वास रोखला. धागा आत गेला, बाहेर आला.

मी घड्याळ काढून मोजलं. मिनिटाला सोळा. मोजायची सवय होती मला. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर मी दुसरं काही केलं नव्हतं, पलंगाशेजारी खुर्ची ओढून.

२

"उंदीर," बर्ट म्हणाला.

"उंदीर मिनिटाला सोळा वेळा?"

"शिस्तीचा उंदीर असेल. विमानदलातला." त्याने रॉकेलचा डबा खाली ठेवला आणि गुडघे धरत वाकून पाहिलं. बर्ट साठीला आला होता. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला त्याच्यासारखा आकार देणारा माणूस आमच्या अख्ख्या जिल्ह्यात नव्हता, आणि ज्या गोष्टीला हातोडी लावता येत नाही त्या गोष्टीवर त्याचा विश्वास नव्हता. "हलतोय खरा. सीटखाली घरटं केलं असणार. काढू या."

आम्ही सीट काढली.

ती सीट म्हणजे फेसाचा एक ठोकळा होता. दोन रसायनं मिसळून पिशवीत ओतायची, माणसाला त्या पिशवीवर निजवायचं. फेस फुगतो, पाठीला, कमरेला, मानेला घट्ट बसतो आणि दहा मिनिटांत दगड होतो. तो साचा चालवणाऱ्याच्याच अंगाचा घ्यायचा असतो. पण ऑगस्टमध्ये ते काम निघालं तेव्हा हिलरी लीड्सला नोकरीवर होती. हिलरी एनिडच्या बहिणीची मुलगी. दोघींची उंची एक, बांधा एक. म्हणून एनिड निजली. दहा मिनिटं झाली, बर्टने "उठा बाईसाहेब, भाजल्या तुम्ही," म्हटलं, तरी ती उठली नव्हती. डोळे मिटून म्हणाली होती, "राहू दे जरा. इथे दुखत नाही."

तोवर आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, तिला कुठे काही दुखतंय ते.

सीटखाली काही नव्हतं. एक नट सापडला, तो बर्टने खिशात टाकला. सीट बाकावर असेपर्यंत धागा मुकाट लोंबत होता. बर्ट म्हणाला, "झालं. पळाला," आणि चहा टाकायला गेला. मी एकट्याने सीट परत बसवली.

धागा आत गेला. बाहेर आला.

बर्टने दुसऱ्यांदा पाहिलं नाही. मी त्याला पाहा म्हटलं नाही.

३

हिलरी दहाला आली, हातात बेकनचं सँडविच आणि ओठांवर त्याचं लोणी. चोवीस वर्षांची, तोंडाने फटकळ, हाताने हलकी. स्टिअरिंग दोन बोटांनी धरायची.

"काय लेनकाका, चेहरा का असा? कुणी चपट्या माशाला मांजर दाखवलं काय?"

"शेडमध्ये उंदीर निघालाय तुझ्या काकाला," बर्ट म्हणाला. "तोही श्वास घेणारा."

"बाकीचे उंदीर काय घेत नाहीत?"

"त्या सँडविचातलं अर्धं इकडे दे, मग सांगतो."

"स्वतःच्या बायकोकडे मागा, बर्ट. ती देत नाही म्हणून माझ्यावर डोळा."

धुकं उठल्यावर आम्ही आठ फेऱ्या केल्या. फोटो बर्टच्या घरी, त्याच्या बायकोच्या कोठीघरात धुतले जायचे. दुपारी ते ओलेच दोरीवर टांगून मी भिंगातून पाहिले. सगळं एनिडच्या कागदासारखं होतं. दोनशे तेरा धागे शेपटीकडे तोंड करून आडवे. एकशे ब्याऐंशीवा पुढे. हिलरीच्या मानेकडे.

यात विशेष काही नाही, हे मला ठाऊक होतं. डोक्यावरच्या झाकणाचा उंचवटा आडवा आला की त्याच्यामागे हवा उलटी फिरते. नदीतल्या दगडामागे पाणी फिरतं तसं. मी एनिडचा त्या भागाचा कागद काढला. तिने तिथे पेन्सिलीने बारीकसा उलटा बाण काढून ठेवला होता. मला इतकं हलकं वाटलं की मी खुर्चीत बसून घेतलं. ताशी नव्वद मैलांना तो धागा पुढेच जायला हवा होता.

बंद शेडमध्ये, उभ्या गाडीत, त्याने काय करायला हवं होतं, हे कागदावर नव्हतं.

"एक सांगू?" निघताना हिलरी म्हणाली. "हसायचं नाही. ती माझ्या आधी वळते."

"म्हणजे?"

"म्हणजे मी वळवणार असते ना, हात उचलायच्या आतच. केसभर आधी. घोडा ओळखीचा असला की करतो तसं." ती हातमोजे काढत होती. "मावशी होतीच तेवढी हुशार. मनातलं वाचणारी गाडी काढली बाईने."

४

शनिवारी वजन. चार चाकांखाली चार काटे ठेवायचे, कुठल्या चाकावर किती भार पडतो ते बघायचं, आणि स्प्रिंगा पिळून तो सारखा वाटायचा. बर्ट काट्यांपाशी उकिडवा बसे, मी बेरीज करी.

एनिडच्या कागदावर रिकामी गाडी नऊशे साठ रत्तल होती. काट्यांनी एक हजार शेहेचाळीस दाखवले.

"काटे बिघडले," मी म्हणालो.

बर्टने आपल्या गाडीतून बटाट्यांचं पोतं आणलं. छप्पन्न रत्तल, वखारीचा शिक्का असलेलं. चारही काट्यांवर ते आळीपाळीने ठेवून पाहिलं. छप्पन्न, छप्पन्न, छप्पन्न, छप्पन्न.

"काटे उत्तम आहेत. गाडी जड आहे." त्याला जराही नवल वाटलं नाही. "कुठली गाडी कागदाइतकी निघालीय आजवर? दोन हात जास्त राळ, तीन हात जास्त रंग, अन् तुझा तो पोलादी कंस. मी सांगत होतो तुला. शहाऐंशी रत्तल म्हणजे कमीच."

असंच असतं. छोट्या कारखान्यातली प्रत्येक गाडी कागदापेक्षा जड निघते, आणि प्रत्येक जण सुस्कारा टाकून तो नवा आकडा मान्य करतो. आमच्या धंद्यात त्याची कुणी चौकशी करत नाही. मग हिलरी आत निजली, आणि काट्यांची बेरीज अकराशे चौसष्ट झाली. ती एकशे अठरा रत्तल होती; हिशेब बरोबर बसला. "यापुढे पोरीसकटच तोलायची," बर्ट म्हणाला. "शर्यतीत काही ती रिकामी पळणार नाही." त्याने भिंतीवर खडूने ठळक अकराशे चौसष्ट लिहिलं.

मी शेगडीपाशी जाऊन हात शेकत उभा राहिलो. नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी इस्पितळातल्या सिस्टरने एनिडला चाकाच्या खुर्चीतून काट्यावर नेऊन परत आणलं होतं. पडद्याबाहेर मला तिने हळूच आकडा सांगितला होता, एनिडला ऐकू जाऊ नये म्हणून.

शहाऐंशी.

५

पुढच्या आठवड्यात मी रोज सातला शेडवर जाऊ लागलो. बर्ट नऊला येई. दोन तास मी गाडीशेजारी स्टूल टाकून बसायचो. काही बोललो नाही, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. बोललो. छपराचा पत्रा गळतो ते सांगितलं. तिच्या बहिणीने तिचे कोट नेले, निळा तेवढा मी दिला नाही, ते सांगितलं. एकदा नाव घेतलं. धागा थांबला. मी थांबलो. मग तो पुन्हा चालू झाला, पहिल्याइतकाच सावकाश.

मी शाळेत चौदा वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं आहे. धागा का हलतो याची सात कारणं मी त्या स्टुलावर बसून काढली आणि एकेक तपासली. सहा खोटी ठरली. सातवं मी तपासलं नाही, कारण तपासायला पुन्हा सीट काढावी लागली असती.

शनिवारी बर्ट यायच्या आत मी एकट्याने गाडी काट्यांवर चढवली. रिकामी. एक हजार सत्तावन्न.

शहाऐंशीचे सत्त्याण्णव झाले होते.

मला काय वाटलं ते सांगतो. इस्पितळात दर मंगळवारी मी ज्या आकड्याची वाट बघत असे, जो एकदाही आला नाही, तो आला होता. अकरा रत्तल वाढले होते. ती बरी होत होती.

दहा वाजता बर्टने हिलरीला आत निजवून वजन केलं. अकराशे चौसष्ट. त्याने भिंतीवरच्या आकड्याखाली समाधानाने एक रेघ ओढली. "बघ, तसूभर फरक नाही. याला म्हणतात गाडी."

वजाबाकी मला येत होती. मी केली नाही.

६

"पोरी, खातेस की नाही तू?" पुढच्या शनिवारी बर्टने विचारलं. तो तिचे खांद्यावरचे पट्टे आवळत होता. बकल शेवटच्या भोकापर्यंत गेलं होतं तरी पट्टा सैल होता. "की कुणी पोरगा आहे?"

"तुम्ही सोडून दुसरा कोण बघेल माझ्याकडे?" ती म्हणाली, पण उशिराने, जणू उत्तर लांबून आणावं लागलं. ओव्हरऑलच्या बाह्या तिने दोनदा दुमडल्या होत्या. "भूक लागत नाही, बर्ट. झोप मात्र कसली येते. घरी गार वाटतं सारखं. इथे आत आलं की बरं."

"फेसाला कसली ऊब?"

"हात लावून बघा. सकाळीसुद्धा गरम असते. कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी."

बर्टने माझ्याकडे पाहिलं. "डॉक्टरला दाखव रे हिला, लेन."

"जास्त खात जा," मी हिलरीला म्हणालो. मी एवढंच म्हणालो.

गाडी त्या दिवशी आजवर कधी धावली नव्हती इतक्या वेगात धावली. शेवटच्या वळणावर मी व्हॅनमधून पाहत होतो. गाडी एखाद्या रुळावरून जावी तशी गेली, आणि वळणात हिलरीचं डोकं कलायला हवं होतं तसं कललं नाही. आत दोन माणसं एकमेकांना चिकटून निजली असली की एकीला हलायला जागा राहत नाही, तसं ते डोकं मधोमध स्थिर होतं. बर्ट घड्याळ बघत ओरडत होता. इस्टरच्या सोमवारी आम्हाला कुणी धरू शकणार नाही म्हणत होता.

त्या दिवशीही मी सकाळी गाडी रिकामी तोलली होती. कागदापेक्षा एकशे सहा रत्तल जास्त. आणखी दहा, आणि ती ऑगस्टमध्ये होती तशी झाली असती.

७

गुरुवारी सकाळी साडेसातला फोन वाजला. त्या दिवशी मला उठायला उशीर झाला होता, मी अजून बूटच घालत होतो. म्युरिएल, हिलरीची आई. एनिड गेल्यापासून तिचा फोन आला नव्हता; एकमेकांचा आवाज आम्हा दोघांनाही ऐकवत नसे.

"लेन, काल जबरदस्तीने डॉक्टरकडे नेलं मी तिला. अठ्ठ्याण्णव रत्तल. वीस उतरली रे तीन आठवड्यांत. तो म्हणतो, काही सापडत नाही. एनिडच्या वेळी हेच म्हणाले होते, आठवतं?"

"आठवतं."

"आपण ऐकून घेतलं होतं तेव्हा. शहाण्यासारखे घरी आलो. हिलरी आरशासमोर उभी असते आणि मला मागून एनिडच वाटते. सकाळी हाक मारताना चुकले मी. तिला कळलंसुद्धा नाही."

मी हातातला बूट खाली ठेवला.

"ती तुझं ऐकते. माझं नाही ऐकत. सोमवारची शर्यत राहू दे म्हणावं. पुढच्या वर्षी पळव. लेन? एक घालवली आपण. ही एकच आहे मला."

"मी आजच तिला उतरवतो," मी म्हणालो. "शब्द देतो. फोन दे तिला."

"ती गेली. सातच्या आधीच. बर्टने बोलावलंय, वारा पडलाय म्हणून. धागे लावून फेऱ्या करायच्यात म्हणाली."

फोन ठेवल्यावर मी ती वजाबाकी केली. केली म्हणजे काय, ती होऊनच पडली होती. एकशे अठरातून अठ्ठ्याण्णव. एकशे सहातून शहाऐंशी. वीस आणि वीस. गाडीसकट बेरीज दर वेळी तीच यायची. बर्ट त्या आकड्यावर खूष होता, आणि मी त्याच्याहून जास्त.

मी भिंतीवरची करवत घेतली. सीटचे तुकडे करायचे, धावपट्टीवरच जाळायचे, आणि बर्टला काय वाटेल ते वाटू द्यायचं. व्हॅन चालवताना मी एकच नाव मोठ्याने घोकत होतो. हिलरी. हिलरी. लहान मुलाला दुकानात पाठवलं की ते जिन्नस घोकत जातं तसा.

८

बर्ट धावपट्टीच्या कडेला थर्मास घेऊन उभा होता.

"थांबव तिला," मी म्हणालो.

"थांबवू कशी? दोरी लावून?" मग त्याने माझ्या हातातली करवत पाहिली आणि त्याचा चेहरा बदलला. "काय झालं रे?"

"तिला उतरवायचंय. आत्ता. सांगतो नंतर."

"शेवटचीच फेरी आहे. आली बघ."

डनलिन धुरकट उन्हातून आली. एवढ्या वेगातल्या गाडीचा काही आवाज असतो. चाकांचा, वाऱ्याचा, इंजिनाचा. मला तो ऐकू आल्याचं आठवत नाही. आमच्यासमोरून ती गेली तेव्हा मी धागे पाहिले. ते आडवे पडले नव्हते. ताशी नव्वद मैलांना दोनशे चौदा लाल धागे एकदम उठले, आणि गाडी पन्नास यार्ड पुढे गेल्यावर एकदम निजले. मग पुन्हा उठले. शांत झोपलेल्या माणसाच्या छातीसारखे.

"हे काय..." बर्ट म्हणाला. या वेळी त्यानेही पाहिलं होतं.

पट्टीच्या टोकाला हिलरी नेहमी गाडी वळवून परत आणायची. गाडी वळली नाही. हळूहळू थांबली आणि इंजिन बंद झालं. शेतांवर चंडोल ओरडत होते.

आम्ही व्हॅनमधून तिथे पोचलो. बर्टने दरवाजा उघडला, एक पाय खाली ठेवला आणि तिथेच राहिला. मी त्याला नावं ठेवत नाही. मी एकटा गाडीकडे गेलो.

डनलिनला बाहेरून कडी नाही. बाहेर काहीही वर आलेलं एनिडला चालत नसे, हवा अडखळते म्हणून. पारदर्शक झाकण आतून, आतल्या माणसानेच उघडायचं. मी झाकणाच्या काठाला नखं लावून पाहिली. फट सापडेना. झाकण आतून वाफेने पांढरं झालं होतं. एका माणसाच्या श्वासाने एवढी वाफ धरत नाही. मी तळहात ठेवला. ते आंघोळीच्या पाण्याइतकं गरम होतं. वाफेपलीकडे काहीतरी हललं. पांढुरका हात काचेवरून ओघळल्यासारखा सरकला आणि त्याने पुसलेल्या पट्टीतून मला केस दिसले, एक कान, आणि त्याच कानाला आतून टेकलेला एक गाल. गाल कुणाचा, हे दिसायच्या आत वाफ परत धरली.

करवत माझ्या हातात होती. झाकण फोडता आलं असतं. पण पात्याखाली कोण येईल ते मला दिसत नव्हतं. आतली कडी तिनेच काढायला हवी होती, आणि त्यासाठी तिला जागं करायला हवं होतं. हाक मारायला हवी होती. दोन नावांपैकी एक. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं, रस्ताभर मी तेच घोकत आलो होतो, तिच्या आईला शब्द दिला होता, आणि मागे बर्ट भेदरलेल्या आवाजात तेच ओरडत होता: "हिलरी! अरे, हाक मार तिला! हिलरी म्हण!"

मी झाकणावर ओठ टेकवले आणि हाक मारली.

मागे बर्ट एकदम गप्प झाला. त्यावरून मला कळलं, मी कोणतं नाव घेतलं ते.

"आले," आतून हिलरीचा आवाज म्हणाला, आणि कडी सरकली.